मागाहून दिलेला काना

थुंकी. हो, थुंकीच म्हणालो मी. ढापण्या, असा बघू नकोस, चहा थंड होईल तुझा. जुनी चित्रं आम्ही थुंकीने साफ करतो. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि चित्रावर नखाएवढ्या जागेत गोल गोल, हलकेच फिरवायचा. कापूस काळा झाला की काडी टाकायची, दुसरी घ्यायची. नवी काडी जिभेला, जुनी डब्यात. यात चूक करायची नाही. पहिल्या महिन्यात मी दोनदा केली. लहानपणी आई रुमालाचं टोक ओलं करून आपला गाल पुसायची ना, तेच काम. गाल फक्त ऐंशी वर्षांचा.

दिवसाला दोनशे काड्या होतात. उगाच नाही तुम्ही मला कापूस म्हणत.

तर ऐका. आणि मध्ये मध्ये हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे मी कामाबाहेर पहिल्यांदाच कुणाला सांगतोय. घाबरवायला सांगत नाहीये. मला कुणाचे तरी आभार मानायचेत, मोठ्याने मानायचेत, आणि भिंतीला सांगून आभार मानल्यासारखं वाटत नाही. माणसं लागतात.

मी काम करतो ते घर तुम्ही बाहेरून बघितलंय. मास्तरांचं घर. ज्याला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही मास्तर माहीत असतात. खाली दालन, तिकीट खिडकी, भिंतीवर चित्रं. वर आमची कामाची खोली, म्हणजे पूर्वीची त्यांची रंगवायची खोली. उत्तरेला एक मोठी खिडकी आहे. तिच्यातून ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. लाकडी जमिनीवर त्यांच्या रंगाचे थेंब अजून आहेत. बाई आम्हाला त्यावरून चपला घालून जाऊ देत नाहीत. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. मग सुतारकाका, ते चौकटी बघतात. आणि मी. झालं, इतकीच वस्ती.

आता हात.

गेल्या वर्षी माझा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसती करंगळी. मग शर्टाचं वरचं बटण लागेना. मग पेला दातांवर आपटायला लागला. डॉक्टरांनी बोटं ताणून बघितली, नाकाला लाव म्हणाले, पेन धर म्हणाले. मग म्हणाले, "जिवाला काही धोका नाही. पण कमी होणार नाही हे. वाढेल."

"काम करता येईल ना?"

"काय काम करता?"

"तीन केसांच्या ब्रशने टिंबं लावतो."

ते खाली मान घालून चिठ्ठी लिहीत बसले.

तुम्हाला सांगितलं नाही, हो, चुकलं माझं. चिमणी, तुला संशय आला होता, कबूल. पण बाईंना तर मी अजिबात कळू दिलं नाही. बाईंनी मला हाकललं असतं असं नाही रे. बाईंनी मला मायेने, पाठीवरून हात फिरवून, खाली तिकीट खिडकीत बसवलं असतं. त्याचीच भीती. मला दुसरं काही येत नाही. आणि खरं सांगू का, दुसरं काही यावं असं वाटतही नाही.

नेमकं तेव्हा 'धुणं' वर आलं.

'धुणं' म्हणजे मास्तरांचं सगळ्यात गाजलेलं चित्र. मागचं अंगण, दोरी, दोरीवर सात चादरी. बस. माणूस नाही, मांजर नाही. सात पांढऱ्या चादरी आणि सातही पांढरे वेगळे. पहिली ओलीचिंब, ठिबकतेय. सातवी इतकी सुकलेली की हात लावला तर कडकड वाजेल. दालनाच्या छतातून पाणी झिरपलं आणि सहाव्या-सातव्या चादरीचा रंग जागोजागी उडाला. बाईंनी भिंग लावून मोजलं. एकशे बारा जागा. काही तिळाएवढ्या, काही बोटाएवढ्या.

"तीन आठवडे आहेत प्रदर्शनाला," बाई म्हणाल्या. "तुझ्याशिवाय देऊ कुणाला?"

मी हात पाठीमागे धरून हो म्हणालो.

आमचा एक नियम आहे, तो लक्षात ठेवा. रंग उडालाय तेवढ्याच जागेत नवा रंग लावायचा. शेजारच्या मूळ रंगावर केसभरसुद्धा जायचं नाही. चित्र चोरलं तर एक वेळ माफी मिळेल, पण याला नाही.

पहिल्या दिवशी मी बसलो. भिंग डोक्याला बांधलं, ब्रश धरला आणि ब्रशचं टोक चादरीवर असं नाचायला लागलं की जणू माशी अडकलीय. मी उठलो. उजेड नीट नाही असं बाईंना ऐकू जाईल इतक्या जोरात पुटपुटलो. खुर्ची आणि चित्राची घोडी दोन्ही ओढत खिडकीच्या डाव्या अंगाला नेली. बसलो.

हात थांबला.

कमी झाला म्हणत नाहीये मी. थांबला. पाटीवर गिरवताना मागून कुणीतरी आपला हात धरतं बघा, आपलं बोट, त्यांची मूठ. तसा. मनगटाला ऊब आली. आणि अंगाच्या साबणाचा नाही, धुण्याच्या साबणाचा बारीकसा वास.

संध्याकाळपर्यंत नऊ जागा झाल्या. बाई भिंगातून बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. बाईंचं "हं" म्हणजे दुसऱ्याची टाळ्यांची सभा.

घरी गेलो, पेला उचलला, शर्ट भिजला.

आता तुम्हाला माहितीय मी कसा आहे. कुणी भूत म्हटलं की मी आधी नळ गळतोय का बघतो. मी खुर्ची दोन हात उजवीकडे नेली. थरथर. परत खिडकीशी आणली. शांत. उंची बदलली, खिडकी लावली, उघडली, उपाशीपोटी बसलो, जेवून बसलो. तीन दिवसांत अकरा वेळा करून बघितलं आणि सगळं कागदावर उतरवलं. अकराही वेळा तेच. खिडकीच्या डाव्या अंगाला माझा हात शहाणा, बाकी जगात वेडा.

"मग तू काय केलंस?" काय करणार, चिमणी? काम केलं! बुडणारा माणूस फळी कुठल्या झाडाची विचारतो का?

चौथ्या दिवशी सातव्या चादरीपाशी अडलो. तो पांढरा काही केल्या जुळेना. बाई म्हणाल्या, "मास्तरांच्या कामाच्या वह्या काढते. काय काय मिसळायचे ते लिहिलंय त्यांनी."

त्या वह्या छापलेल्या आहेत, पुस्तक मिळतं बाजारात. पण अस्सल वह्या आमच्या कपाटात असतात आणि त्या कुणी मागत नाही, कारण पुस्तक आहेच. बाईंनी मला हातमोजे देऊन 'धुणं'च्या वेळची वही समोर ठेवली. बारीक, ताठ, मोत्यासारखं अक्षर. "तिसरी चादर. पांढऱ्यात पिवळ्याचं टोकच. दोनदा पुसली, तिसऱ्यांदा बसली. फार दमलो."

भिंग माझ्या डोक्याला होतंच. ते मी नुसतं खाली ओढलं.

आता पहिलीतली गोष्ट सांगतो, हसू नका. 'ले' कसा लिहितो आपण? ल काढायचा आणि त्याच्या दांडीवर मात्रा द्यायची. आणि 'लो'? ल काढायचा, शेजारी काना द्यायचा, आणि मात्रा त्या कान्यावर. बरोबर? या 'दमलो'तली मात्रा कान्यावर नव्हती. ती ल च्या दांडीवर होती. काना शेजारी नुसता उभा होता, बोडका. पाहुण्यांच्या फोटोत न बोलावता येऊन उभा राहिलेला माणूस असतो ना, तसा. आणि त्याची शाई वेगळी. बाकीची काळी, ही तपकिरी.

म्हणजे आधी लिहिलं होतं 'दमले'. मग कुणीतरी मागाहून काना दिला.

मी पान उलटलं. "विसरलो." मात्रा ल वर, काना तपकिरी. "उद्या करतो." मात्रा त वर, काना तपकिरी. "खिडकीशी बसलो." तेच. सगळ्या वहीत जिथे जिथे लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल काही म्हटलं होतं, तिथे तिथे. "पुसली", "लावला", "मिसळलं" यात काय कळणार बाई की पुरुष? चादर पुसली ती पुसली. पण माणूस दमला की भाषा पकडतेच. तो दमतो नाहीतर ती दमते.

"बाई," मी म्हणालो, "या वह्या बाईमाणसाने लिहिल्यात."

बाई आल्या. बघितलं. खुर्ची ओढून बसल्या. पंधरा मिनिटं पानं उलटत राहिल्या. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पंधरा वर्षं हे कपाट माझ्या ताब्यात आहे. आणि मी पुस्तक वाचत बसले."

मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात एकच बाई होती. त्यांची धाकटी बहीण. खालच्या दालनात तिच्याबद्दल अर्धं वाक्य आहे, "घर त्यांची बहीण सांभाळत असे." मास्तरांवर सात पुस्तकं आहेत. तिच्या हातचं जेवण, तिने धुतलेले ब्रश, सगळं आहे. ती कधी जन्मली, कधी गेली, एकात नाही. सुतारकाकांच्या घरात मात्र तिला ताई म्हणायचे, कारण काकांचे आजोबा मास्तरांच्या चौकटी करायचे.

मग काय विचारता! सगळं घर आम्ही उलटंपालटं केलं. मास्तरांनी रंगाच्या दुकानदाराला लिहिलेल्या पत्रांचे खर्डे सापडले. सुरुवातीचं अक्षर मोठं, तिरकं, ऐटबाज. आणि मग एका वर्षापासून ते अक्षर थरथरतं. माझ्या अक्षरासारखं. मला बघवेना ते. एका पत्रात मास्तर लिहितात, रंग पाठवू नका, हात चालत नाही. चार वर्षं एकही चित्र नाही. आणि मग अचानक चादरी, भिंती, दूध, धुकं, ज्यांच्यावर त्यांचं सगळं नाव उभं आहे ते सगळे पांढरे. आधीची त्यांची चित्रं? ठीक. बाईसुद्धा ठीकच म्हणतात.

मग माळ्यावर काकांना सहा फळ्या मिळाल्या. हाताएवढ्या. गठ्ठ्यावर चिठ्ठी, "मास्तरांचे कच्चे नमुने." मी थुंकीने एक कोपरा पुसला आणि खालून असा पांढरा वर आला की तिघंही जवळ सरकलो. घडी घातलेला टॉवेल होता नुसता. मागे तेच मोत्यासारखं अक्षर, तारीख, आणि "आज उजेड छान होता. सहाला थांबले." इथे मात्रेशेजारी काही नाही. कुणी काना दिला नव्हता.

"थांबले," बाईंनी मोठ्याने वाचलं. मग डोळे पुसले आणि मला रागावल्या, "बघतोस काय, फोटो काढ!"

त्या आठवड्यासारखा आठवडा माझ्या आयुष्यात आला नाही. दिवसभर खिडकीशी मी तिची चादर भरतोय, शेजारी बाई दालनात लावायची तिची पाटी लिहितायत, खोडतायत, परत लिहितायत. काका चौकटीला सरस लावता लावता बोलायचे. आजोबा सांगायचे म्हणे, मास्तर रंगवायला बसले की हात दगडासारखा स्थिर, आणि उठले की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायचे.

"म्हणजे मास्तर रंगवायचेच?" मी विचारलं. "ताई नाही?"

"आजोबांनी तर मास्तरांनाच बघितलंय. याच खिडकीशी. आणि काम करताना मध्येच म्हणायचे, 'हळू गं.'"

"कुणाला?"

"आता कुणाला काय, ताईला म्हणत असतील. असेल मागे उभी."

मी ब्रश खाली ठेवला. जरा पाणी प्यायलो. दोन्ही हातांनी.

पाटीवर तिचं नाव घालायचं तर जन्म-मृत्यूची वर्षं हवीत. बाई स्वतः नोंदणी कार्यालयात गेल्या. दुपारी आल्या. नेहमी जिन्यावरूनच हाका मारतात, त्या दिवशी गपचूप आल्या आणि नक्कल माझ्या टेबलावर ठेवली.

ताई वारली ते वर्ष मास्तरांचं अक्षर बिघडलं ते वर्ष होतं.

पहिल्या वहीच्या आधी चार वर्षं. 'धुणं'च्या आधी सात.

"नोंद चुकली असेल," बाई म्हणाल्या.

"हो."

"किंवा वह्यांवरच्या तारखा."

"हो ना."

काका दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "ताईचं आजारपण मास्तरांनीच काढलं. हात धरून बसायचे तिचा, रात्रंदिवस. आजोबा सांगायचे." आणि खाली निघून गेले.

आम्ही दोघंही शहाणी माणसं. आम्ही रंगाच्या डब्यांवरचे शिक्के तपासले. वह्यांच्या तारखा बरोबर होत्या; फळ्यांवरच्या तेवढ्या ताई जिवंत असतानाच्या. मग बाईंनी पत्रं आणली, मी वह्या उघडल्या, आणि भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. त्या तपकिरी कान्याची उभी रेघ सरळ नव्हती. डोळ्यांना सरळ दिसायची. भिंगातून ती बारीक बारीक हलत खाली आली होती, पाण्यातल्या दोरीसारखी. पत्रातल्या प्रत्येक उभ्या रेघेसारखी.

काने मास्तरांनी दिले होते.

म्हणजे बघा. दिवसभर ते खिडकीशी बसायचे. मग उठायचे. हात परत त्यांचा व्हायचा, थरथरता. मग ते वही उघडून आपणच लिहिलेलं वाचायचे आणि एकेक काना देत जायचे.

शेवटच्या वहीत काने नाहीत. "दमले", "बसले", "विसरले", सगळं तसंच ठेवलंय. पुस्तक छापणाऱ्याने तिथे सरळ चूक समजून दुरुस्त केलं. शेवटच्या पानावर ताठ अक्षरात एवढंच आहे, "फार दमले." आणि त्याच्याखाली थरथरत्या अक्षरात, "बस आता. खूप केलंस."

त्यानंतर मास्तर सहा वर्षं जगले. ब्रशला हात लावला नाही.

ढापण्या, तुझ्या डोळ्यांत पाणी आलंय, नाही म्हणू नकोस. माझ्याही आलं होतं. भीती? भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या वर काहीतरी होतं. कुणीतरी मेल्यावरसुद्धा भावाचा हात धरून बसतं. दमतं, आणि तरी बसतं. आणि त्याबद्दल तिला अर्धं वाक्य.

एकशे अकरा जागा झाल्या होत्या. शेवटची राहिली, सातव्या चादरीच्या खालच्या टोकाची.

मी बाईंना सगळं सांगितलं. हाताचं. डॉक्टरांचं. खुर्चीचं. अकरा वेळा लिहिलेला कागदही दाखवला. त्या तिकीट खिडकी म्हणतील म्हणून मी जिन्याकडे बघत उभा होतो.

"शेवटची जागा कोण भरणार मग?" त्यांनी विचारलं.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तुला नको असेल तर आत्ता सांग," बाई म्हणाल्या. "मी भरते. माझा हात बरा आहे, तुझ्याइतका नाही. पण तुझ्यावर जबरदस्ती नाही. आणि..." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "कुणावरच नाही."

मी खुर्चीत बसलो. सकाळचे अकरा वाजले असतील. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मी ब्रश धरला आणि हात थरथरला. त्या जागेवर, पहिल्यांदाच. थांबला नाही.

मला कळलं. ती वाट बघतेय. मास्तरांनी बस म्हटलं होतं ना.

"ताई," मी म्हणालो. बाईंसमोर, मोठ्याने. लाज वाटली नाही. "दमली नसशील तर."

मनगटाला ऊब आली.

हात पांढऱ्यावर गेला नाही. आधी पिवळ्याकडे गेला. मी पिवळा घेणार नव्हतो.

टोकच घेतलं.

जागा भरली. एक टिंब, दुसरं, तिसरं. मी श्वास सोडला आणि ब्रश उचलायला गेलो.

ब्रश उचलला गेला नाही.

तो कडेवरून पुढे गेला. मूळ रंगावर.

"थांब," बाई म्हणाल्या. "अरे थांब!"

मी थांबत होतो. हात थांबत नव्हता.

चादरीच्या टोकाला एक घडी होती, जराशी जड. सगळ्या पुस्तकांत तिची स्तुती आहे. हाताने तिच्यावरून एकच रेघ ओढली. हलकी.

"हळू गं," मी म्हणालो. मी म्हणालो का माहीत नाही. तोंड माझं होतं.

मग ब्रश टेबलावर ठेवला गेला. आडवा, केस वर. मी तसा कधी ठेवत नाही.

बाई पांढऱ्याफटक. खिडकीची दारं त्यांनी स्वतः लावून घेतली आणि तपासणीचा जांभळा दिवा लावला. त्या दिव्याखाली जुना रंग फिका चमकतो आणि नवा लावलेला काळा दिसतो. कालची डागडुजी असो की दहा वर्षांपूर्वीची, काळी ठिगळं दिसतातच. एकशे बारा काळे डाग दिसायला हवे होते, आणि एक काळी रेघ.

एकही नाही.

चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. ऐंशी वर्षं जुनी. सगळी.

आणि घडी? बाईंनी दिवा घालवला, दारं उघडली. सातवी चादर, काय सांगू, आधी ती सुकलेली होती. आता तिच्यातून वारा जात होता.

"अहवालात काय लिहायचं?" मी विचारलं.

बाईंनी जांभळा दिवा उचलून कपाटात ठेवला. "लिही, चित्र पूर्ण झालं."

प्रदर्शन झालं, गर्दी तुम्ही बघितलीत. पाटीवर आता दोन नावं आहेत, तिचं आधी. सहा फळ्या मधल्या भिंतीवर आहेत. एक आजी 'थांबले' वाचून तिथेच बाकावर बसून राहिली, उठेचना. बाईंनी मला काढलं नाही. उलट पुढचं चित्र दिलंय, धुक्याचं, आणि खिडकीच्या डाव्या अंगाची जागा कायमची माझी. रोज कामाला बसताना मी आधी विचारतो, आणि उठताना आभार मानतो. एक दिवससुद्धा चुकवला नाही. माझं आयुष्य मला परत दिलंय तिने, तेही न मागता. अशा माणसाचे आभार मानायला मी कुठेकुठे जाऊ, सांगा ना!

"पण घरी?" चिमणी, तू मुद्द्याचं विचारतेस नेहमी. घरीसुद्धा थरथर गेली आता. गेल्या महिन्यापासून. खिडकीशी असण्याची गरजच राहिली नाही. बटण लागतं, पेला स्थिर, सगळं मस्त. आई तर रडली बघून.

"मग मघापासून चहा डाव्या हाताने का पितोयस? उजवा नुसता पडलाय टेबलावर."

श्श. हळू बोल ना जरा.

आत्ता कुठे झोपलीय ती.